ओकप्रेमी गृहस्थ

चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या उंच इमारतींत, आयटीत स्थिरावलेल्या मराठी मंडळींमध्ये हा गृहस्थ हमखास सापडतो. अमेरिकेत दोन-तीन हिवाळे काढून आलेला असतो आणि दिवाणखान्यात त्याने रेड ओकची लाकडी जमीन घातलेली असते. पाहुणा दारात चपला काढत असताना हा त्याच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघतो. पाय ओले दिसले की याच्या कपाळावर आठी! कामाला येणाऱ्या अक्कांची बादली त्याने बंद केली आहे. फरशीवर भसाभसा पाणी ओतल्याखेरीज घर स्वच्छ झालं असं न मानणाऱ्या त्या बाई, हातात दिलेल्या कोरड्या मॉपकडे ज्या नजरेने बघतात, ती त्याने एकदा नीट वाचायला हवी.

रेड ओक वाईट लाकूड आहे, असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘सागवानापेक्षा कठीण आहे,’ असं हा गृहस्थ सांगतो ते खरंच आहे. लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत ते १२९० पाउंडांच्या आसपास भरतं, सागवान त्याच्या खाली. पण चेन्नईत जमिनीची गाठ हातोड्याशी नसते, दमट हवेशी असते. रेड ओकची छिद्रं इतकी मोकळी, की लांबट तुकड्याच्या एका टोकाने फुंकलं तर दुसऱ्या टोकाने हवा येते. म्हणून तर दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात. सागवानात निदान तेल असतं आणि वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. ओकला ते संरक्षण नाही. ‘आमचं इंजिनिअर्ड आहे, खाली प्लायवूड आहे,’ हा त्याचा पुढचा मुद्दा. त्याने फळ्या फुगण्याचं प्रमाण कमी होतं, हे कबूल. पण सांध्यांत पाणी मुरायचं ते मुरतंच.

खरी गंमत वेगळीच आहे. थंड देशात लाकडी जमीन हवी असते, कारण ती पायाला गार लागत नाही. मे महिन्यातल्या चेन्नईत मात्र दुपारी उघड्या फरशीवर आडवं होण्यासारखं सुख नाही. आपला गृहस्थ पैसे मोजून तो गारवा घालवतो आणि मग एसी लावून तोच विकत घेतो. एसीने हवा कोरडी राहते, हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. पण कुटुंब दिवाळीला पुण्याला जातं, एसी बंद होतो, आणि ईशान्य मोसमी पावसाचा जोर नेमका तेव्हाच असतो. वरच्या मजल्यावर पूर येत नाही हे मान्य. पण डिसेंबर २०१५ किंवा २०२३चा पूर आठवणाऱ्या तळमजल्यावरच्या लोकांनी या नादाला लागू नये.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या सावकारांनी ब्रह्मदेशचं सागवान जहाजांनी आणलं, पण ते खांबांना आणि दारांना वापरलं. पायाखाली घातली ती आत्तंगुडी गावची, काचेवर ओतून पाण्यात भिजवून पक्की केलेली फरशी. पैसा त्यांच्याकडेही कमी नव्हता. तेव्हा रेड ओकची हौस असेलच, तर त्याचं जेवणाचं टेबल करावं. पाणी आलं तर ते उचलून तरी ठेवता येतं.