द्वादशीची भरती

इंदूरच्या सांवेर रोडवर उमर काढलेल्या मनुष्यास ‘भरती’ या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो, आणि तो कारखान्याच्या फाटकावर लटकणाऱ्या पत्र्याच्या पाटीवर रंगविलेला असतो. ‘भर्ती चालू है’ असले म्हणजे फाटकाशी सायकलींची दाटी होते, ‘भर्ती बंद है’ असले म्हणजे समोरच्या टपरीतील चहाचा खप वाढतो; या दोन अवस्थांचा चंद्राशी काही संबंध असेल, अशी शंका आमच्या वसाहतीत कोणास आलेली नाही. त्यामुळे “वद्य द्वादशीस भरतीच्या वेळी वरळीच्या खडकांवर या, गळ टाकू,” असे मुंबईच्या मेहुण्यांचे पत्र आले, तेव्हा मला प्रथम नोकरीचाच भास झाला.

भूगोलदृष्ट्या मी अगदीच परका नव्हतो. कर्कवृत्त उज्जैनच्याही उत्तरेस, महिदपूर तहसिलीतील डोंगल्याजवळून जाते. अर्थात सांवेर रोड कायदेशीररीत्या उष्ण कटिबंधातच मोडतो, उणीव काय ती समुद्राची. उलट वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. १६६१ सालच्या तहान्वये पोर्तुगिजांनी मुंबई इंग्रजांच्या राजास हुंड्यात दिली आणि १६६८ साली त्या राजाने ती सालिना दहा पौंडांवर कंपनीस लावून दिली. जेथे एवढा मुलूख इतक्या स्वस्तात गेला, तेथे मला एखादा मासा फुकट मिळण्यास हरकत नसावी, असा माझा हिशेब होता.

हिशेब चुकला तो पुढे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, आणि समुद्र हा त्याचा आज्ञाधारक कारकून असल्याने तोही रोज तितकाच उशिरा हजर होतो; सबब तिथीचा आकडा एका ठराविक अपूर्णांकाने गुणला की भरतीची वेळ हाती येते, ही किनाऱ्यावरील रीत मी ऐकून होतो. प्राचीन ज्योतिर्विदांनी जिच्यावरून मध्यरेषा कल्पिली, त्या उज्जयिनीच्या वाटेवर राहणाऱ्यास पंचांगाचे भय कसले? महिन्याच्या नावाविषयी माळव्यात आणि मुंबईत वद्य पक्षापुरता मतभेद असला, तरी द्वादशी दोहींकडे द्वादशीच. परंतु पंतोजींनी छडीच्या तालावर घोकून घेतलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी आणि सवायकी यांपैकी चाळीस वर्षांनंतर ताल तेवढा शाबूत राहिला होता. बाराची सवायकी पंधरा. पंधरा म्हणजे दुपारचे तीन. मी बरोबर तीनच्या ठोक्यास, मेहुण्यांनी पाठविलेली काठी खांद्यावर टाकून, वरळीस हजर झालो.

समुद्र हजर नव्हता. जेथे तो असावयाचा तेथे शेवाळलेले काळे खडक उन्हात वाळत पडले होते, आणि त्यांवर बसून कोळिणी कोयत्यांनी कालवे फोडीत होत्या. तरीही आलेल्या माणसाने कर्तव्यास चुकू नये म्हणून गरीस कोळंबी लावून मी गळ भिरकावला. शिसे ‘टण्’ असा आवाज करून खडकावर आदळले आणि घरंगळत वीतभर खोल डबक्यात गेले. तेथून बोटाएवढा एक खेकडा तिरका चालत बाहेर आला, त्याने गरीस यत्किंचितही धक्का न लावता कोळंबी सोडवून घेतली आणि फटीत शिरला. जवळच्या कोळिणीने हे पाहिले.

“दादा, पानी कवाच गेला नि तू आता आयलास?” असे म्हणून तिने कपारीत अडकलेली माझी दोरी कोयत्याच्या टोकाने मोकळी करून दिली.

संध्याकाळी मेहुणे म्हणाले, “अहो, बाराची पाऊणकी नऊ! चढत्या पाण्याबरोबर मासा खडकांत चरायला येतो. मी सकाळी येऊन गेलो. दोन शेंगाळे काढले आणि साडेदहाला कचेरीत होतो.”

तेव्हापासून पाऊणकी मी पुन्हा पाठ केली आहे, आणि समुद्रापासून इतक्या दूर बसून रोज सकाळी वरळीची भरती काढीत असतो. परवा पंचमी होती. पाचाची पाऊणकी पावणेचार, असे पुटपुटत मी एका कारखान्यावरून जात असता फाटकावर ‘भर्ती बंद है’ची पाटी दिसली. तिच्याखाली सायकल धरून उभ्या असलेल्या पोराने माझे पुटपुटणे ऐकले असावे. “बाबूजी, कब खुलेगी?” त्याने मोठ्या आशेने विचारले, आणि वरळीची वेळ मिनिटानिशी सांगू शकणाऱ्या माझ्याजवळ त्याला देण्यासारखा एकही पाढा नव्हता.