एफ पाचवाले काका

शनिवार पेठेत डीटीपी करणाऱ्यांची एक जुनी पिढी अजून तग धरून आहे. अप्पा बळवंत चौक शेजारी, प्रकाशक हाकेच्या अंतरावर, तेव्हा आसपासच्या बोळांत अक्षरं जुळवणारे असायचेच. त्यांच्यातला एक खास नमुना ओळखायचा असेल तर माणसाकडे न बघता त्याच्या माउसकडे बघावं. माउस टेबलावर असतो, पण त्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं असतं आणि घरावर मागच्या दिवाळी अंकाची प्रुफं. याचा अर्थ, हे गृहस्थ कीबोर्डवाले.

त्यांना आपण काका म्हणू. गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. काका तरुणपणी टायपिंग क्लासात मराठीची रेमिंग्टन पद्धत शिकले, तीही खडखडणाऱ्या यंत्रावर. पुढे संगणक आला, डॉस आलं, आणि कुणीतरी फ्लॉपीवरून नॉर्टन कमांडर आणून दिला. जॉन सोचा नावाच्या माणसाने लिहिलेला हा प्रोग्रॅम १९८६ साली निघाला. पडद्यावर दोन निळी दालनं, टॅब दाबलं की या दालनातून त्या दालनात. एफ पाच म्हणजे कॉपी, एफ सहा म्हणजे हलवाहलव, एफ सात म्हणजे नवीन फोल्डर आणि एफ आठ म्हणजे रामनाम. काका बघतच राहिले. त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं म्हणून, नाहीतर काही सांगता येत नव्हतं.

विंडोज आलं तसं जग माउस धरून सरपटू लागलं. काका सरपटले नाहीत. त्यांना टोटल कमांडर सापडला. तीच दोन दालनं, त्याच कळा. गिस्लर नावाच्या स्विस माणसाने १९९३ पासून सांभाळलेल्या. हा प्रोग्रॅम पैसे न भरता वापरला तर उघडताना दरवेळी एक पाटी दाखवतो आणि एक, दोन, तीन यांपैकी सांगेल तो आकडा दाबायला लावतो. बोचणी लागून माणसाने पैसे भरावेत असा त्यामागचा हेतू. पण गिस्लरसाहेब कधी शनिवार पेठेत आलेले दिसत नाहीत. काका वर्षानुवर्षं रोज सकाळी शांतपणे आकडा दाबतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आकडा दाबायला पैसे पडतात का? उलट बोटांना व्यायाम होतो."

माउसबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. एंगलबार्टच्या कल्पनेतून बनलेला पहिला माउस लाकडाचा होता हे त्यांना ठाऊक आहे. "तेव्हाच थांबायला हवं होतं. बंबात तरी घालता आला असता." माउस म्हणजे, त्यांच्या मते, आपण कुठे काय ठेवलंय हे माहीत नसलेल्या माणसाने पडद्यावर केलेली चाचपणी. ज्याला रस्ता माहीत आहे तो बोट दाखवत हिंडत नाही, सरळ चालू लागतो. काका घराचा पत्ताही तसाच सांगतात: ओंकारेश्वराकडून रमणबागेकडे या, दुसरा बोळ, आत चौक, डावा जिना, वर उजवं दार. मधला एकही टप्पा गाळत नाहीत आणि फाटकाचा रंग, समोरचं रसवंतिगृह असल्या खुणा देत नाहीत. फाइलचं तेच. "डी ड्राइव्ह, कामं, २०१९, कविता, मुद्रणप्रत." त्यात कविता कुणाच्या हे महत्त्वाचं नाही.

नावांच्या बाबतीत मात्र त्यांना समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, पुढे टिंब आणि तीन अक्षरं. १९९५ च्या विंडोजने ही अट उठवली, पण काकांना तसा हुकूम पोचला नाही. आजही त्यांच्याकडे दिवाळी अंक म्हणजे रोमन लिपीत डी-आय-व्ही-ए-एन-के आणि मागे वर्षाचे दोन आकडे. नीट मोजून आठ. त्यामुळे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच शेवटचं' अशा फाइली पेनड्राइव्हवर घेऊन येणारा संपादक त्यांच्यासमोर बसला की काका आधी एफ दोन दाबून त्या सगळ्यांचं बारसं करतात, मग मॅटर उघडतात.

आणि डेस्कटॉप? "ती राहायची जागा नाही." तिथे पडलेली फाइल ते उचलतात आणि योग्य घरी पोचवतात, जी कुणाचीच नाही तिला शिफ्ट-डिलीट. रिसायकल बिन त्यांना मान्य नाही. टाकायचं तर टाका, रद्दी कशाला जमवता?

ज्यांना हा प्रकार खुळा वाटतो त्यांना काका पेशवे दफ्तराचं उदाहरण देतात. हजारो रुमालांत बांधलेले ते कागद. इतिहासकार सरदेसायांनी त्यांतून १९३० पासून पुढच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. "बांधणाऱ्या कारकुनाने सगळं डेस्कटॉपवर टाकलं असतं तर खंड सोडा, पान निघालं नसतं." यावर कुणी बोलत नाही. सरदेसायांना रुमाल धुंडाळताना किती घाम गाळावा लागला असेल, ही शंका मीही मनातच ठेवतो.

धंद्यात मात्र या कौशल्याचा तोटाच होतो. गिऱ्हाईक पडद्यावर बोट ठेवून "तिथे क्लिक करा, तिथे" म्हणतं. काका म्हणतात, "बोट मागे घ्या." मग डावा हात जरासा हलतो, तीनचारदा कट-कट आवाज होतो, आणि ऐंशी पानांची प्रकरणं आपापल्या फोल्डरात जाऊन बसतात. गिऱ्हाइकाला काहीच घडलेलं दिसत नाही. क्लिक करताना माणूस राबताना दिसतो, खांदा हलतो, चुकतो, पुन्हा करतो. त्याचे पैसे द्यावेसे वाटतात. काकांचं काम होऊन जातं. मग "एवढ्याशा कामाचे एवढे?" हा प्रश्न येतो, आणि त्यावरचं काकांचं उत्तर मासिकात छापण्यासारखं नसतं.

नव्या लॅपटॉपांनी त्यांचा खरा छळ मांडलाय. वरच्या ओळीतल्या कळांवर आवाज आणि उजेड येऊन बसलेत. एफ दोन हवं तर आधी एफएन दाबा. सुनेच्या लॅपटॉपवर ते फाइलचं नाव बदलायला गेले आणि खोलीत अंधार झाला. त्यात २०२४ पासून काही नव्या कीबोर्डांवर मेनूच्या कळीच्या जागी कोपायलटची कळ आलीय. "आमची खोली आम्हाला न विचारता भाड्याने दिली," काका म्हणाले, आणि शिफ्ट-एफ दहा दाबून तोच मेनू उघडून दाखवला.

सून स्वतः वेगळ्या पंथातली. परवा मी बसलो असताना काकांनी तिला मागच्या अंकाची अनुक्रमणिका काढायला सांगितली. तिने विंडोजची कळ दाबली, चार अक्षरं टाइप केली, एंटर. फाइल हजर. माउसला हात नाही.

"कुठे होती?" काकांनी विचारलं.

"काय माहीत बाबा. आली ना?"

"शोधावी लागली म्हणजे हरवली होती."

"हरवली असती तर सापडली असती का?"

काका काही बोलले नाहीत. त्यांनी ऑल्ट-एफ चार दाबून उघडलेली फाइल बंद केली. टोटल कमांडर उघडला, पाटीवरचा आकडा दाबला, डी ड्राइव्ह, कामं, वर्ष, अंक असे एकेक एंटर मारत आत उतरले आणि तीच अनुक्रमणिका पुन्हा उघडली.

"आता वाच," म्हणाले.