मुदतवाढीचा अर्ज

मुलाच्या सर्जनशीलतेची चिंता वाहणारा पिता जळगावहून रंगीत ठोकळ्यांचा महागडा संच आणतो, त्यासोबत कोणता ठोकळा कोठे बसवावा याची कलमवार नियमावली येते, आणि पिवळ्याच्या जागी तांबडा बसला की ‘अरे, असं नाही!’ हा शेरा तत्काळ पडतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा शिंपले, खडे आणि बिया हेही शिक्षणाचे साहित्य होते. त्यांची पावती बहुधा कोणी जपून ठेवली नसावी.

पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधला आणि १८५७ च्या बंडाव्यानंतर इंग्रज सरकारने तो जप्त केला, म्हणजे त्यास शतकाहून अधिक आयुष्य लाभले. परंतु त्याच गावातील माजघरात मांड्यांचे खापर उपडे घालून बुरूज, आईच्या लुगड्याचा खंदक आणि सांडशीची तोफ अशी सिद्धता करून चार वर्षांचा जहागीरदार जो किल्ला उभारतो, तो पाहुण्यांची चाहूल लागताच ‘पसारा’ या एकाच आरोपाखाली, कैफियत न ऐकता, खालसा होतो. पालकांस अर्ज एवढाच की, पाहुण्यांस ओट्यावर बसवावे आणि किल्ल्यास निदान रात्रीच्या जेवणापर्यंत मुदतवाढ द्यावी.