खेकड्यांची श्रेणी

सरकारी नोकरीत वर्ग एक म्हणजे गाडी, बंगला, सलाम. धरणाच्या तपासणीत मात्र उलटं: श्रेणी एकची त्रुटी म्हणजे धरण फुटायच्या बेतात. श्रेणी तीन किरकोळ. झुडपं तोडा, उंदरांची बिळं बुजवा. आणि दहा मीटरांहून बुटका गावतलाव? २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याच्या हिशेबी तो देखरेखीच्या धरणांत जमाच नाही, त्यामुळे त्याच्या भरावावर बाभळी निवांत वाढतात.

आता धरण खरंच फुटतं तेव्हाचं बघा: चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं. माणसं वाहून गेली. गळतीची ओरड गावाने आधीच केली होती. राज्याच्या तेव्हाच्या मंत्रिमहोदयांना दोषी सापडले ते भिंत पोखरणारे खेकडे! मग विरोधकांनी ठाण्यात पोलिसांपुढे खेकडे हजरही केले. एवढ्या प्रकरणात आडवं चालणारे म्हणून नाव झालं ते बिचाऱ्यांचंच.