प्रयोग केल्याचा फोटो जोडावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आले आणि विज्ञान कृतीतून शिकवायचे ठरले. आम्ही शिक्षक लगेच कृतीला लागलो. निळा लिटमस तांबडा झाला की आधी फोटो, मग लिंक, मग अहवाल. आम्ल म्हणजे काय, ते सांगायचे तेवढे राहून जाते.

पुण्यात खरे तर मार्गदर्शन मिळत नाही, ही सबब चालायची नाही. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, शिक्षक प्रशिक्षणाची राज्य परिषद सदाशिव पेठेत. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन त्रिकोण का डळमळत नाही, हे पोरांच्या हातात दिले. खर्च किरकोळ. पण इतक्या स्वस्त वस्तूची निविदा काढणार कशी? म्हणून आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आला. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी यायचे आहे.

शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते. अपवाद तीनच : जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका. आता या तिन्हींपैकी एकही चालू नाही, असा महिना कुणी दाखवावा! मतदारयादी घेऊन कोथरूडच्या सोसायट्यांचे जिने चढताना गुरुत्वाकर्षण मात्र मला चांगलेच कळले. वर्गाला ते पाठ्यपुस्तकात वाचायला सांगितले आहे.

साहेब, पुढच्या परिपत्रकासोबत दोन डझन परीक्षानळ्या पाठवा. आणि पोचल्याचा फोटो मागू नका.