अखंडितचर्चालंकृत फुटबॉलमीमांसकांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री समस्त भारतीय फुटबॉलमीमांसक यांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने आपल्या राष्ट्रीय संघाचा एका गोलने पराभव केला. बावीस वर्षांनी घडलेल्या या घटनेतील गोल अकराव्या मिनिटाला झाला, आणि तिची साद्यंत कारणमीमांसा बाराव्या मिनिटाला आपल्या दफ्तरातून बाहेर पडली. तेव्हा आपल्या तत्परतेविषयीचा आदर व्यक्त केल्यावाचून राहवेना. आशिया चषकाच्या निमित्ताने संघाची जी परवड दोन वर्षे चालली आहे तिचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याच अवधीत चर्चेच्या क्षेत्रात आपण जे सातत्य, जो दम आणि जो सांघिक मेळ दाखविला, त्याची नोंद कोणत्याही जागतिक क्रमवारीत होत नाही, हा अन्याय कोणी तरी वेशीवर टांगावयास हवा होता.

आरंभ कतारमधील आशिया चषकापासून करू. १३ जानेवारी २०२४ रोजी अहमद बिन अली मैदानावर ऑस्ट्रेलियासारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला आपल्या मुलांनी मध्यंतरापर्यंत गोल करू दिला नाही. इतकेच नव्हे, तर पूर्वार्धात सुनील छेत्रीने डोक्याने मारलेला एक चेंडू गोलखांबाच्या आत जाता तर पुढचा इतिहास निराळा लिहावा लागता. त्या पाऊण तासात आपण संघाची जी स्तुती केली ती ऐकून एखाद्या दरबारी भाटाने आपला पेशा सोडला असता. पुढे पन्नासाव्या मिनिटाला गुरप्रीतसिंग संधूच्या हाताला लागून चेंडू सुटला, जॅक्सन अर्व्हाइनने तो जाळ्यात धाडला, आणि तत्क्षणी आपणांस असे स्मरले की हा गोलरक्षक आपणांस पूर्वीपासूनच पसंत नव्हता. ऑस्ट्रेलियाने आणखी एक गोल केला. पाच दिवसांनी उझबेकिस्तानने आपले तिन्ही गोल मध्यंतरापूर्वीच उरकून घेतले. आणि सीरियाविरुद्ध शहात्तराव्या मिनिटापर्यंत धरलेला धीर ओमर ख्रिबिनने सोडविला. तीन सामने, जमेच्या बाजूस शून्य आणि खर्चाच्या बाजूस सहा, असा ताळेबंद घेऊन संघ परतला. जुलै २०२३ मध्ये क्रमवारीत ९९ व्या स्थानी विराजमान असलेला हा संघ फेब्रुवारी २०२४ मध्ये ११७ व्या स्थानी रुजू झाला.

आपल्या युक्तिवादांचा मुकुटमणी म्हणजे एकशे चाळीस कोटींचे त्रैराशिक. एवढ्या लोकांतून अकरा माणसे निघू नयेत काय, हा प्रश्न आपण ज्या करुणरसाने विचारता, त्याने पाषाणालाही पाझर फुटेल. नियतीही आपल्या या छंदास खतपाणी घालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ असे हरून आपल्या संघाने २०२७ च्या आशिया चषकाचे दार आपल्याच हाताने लावून घेतले. त्याच्या आदल्याच दिवशी सुमारे पाच लाख वस्तीचे केप व्हर्दे विश्वचषकास पात्र ठरले होते. आणि ज्या दिवशी ढाक्यात आपला निकाल लागला, त्याच तारखेस तिकडे जमैकात गोलशून्य बरोबरी साधून कुरासाव या बेटाने विश्वचषकाची पायरी गाठली. त्या बेटाची वस्ती जेमतेम दीड लाख, म्हणजे आमच्या कोल्हापूर शहराच्या एक तृतीयांशही नव्हे. आपल्या त्रैराशिकाने पाहू गेल्यास कुरासावच्या वाट्याला एक खेळाडूही पुरता येत नाही, फार तर त्याच्या डाव्या पायाची करंगळी येईल. परंतु गणित चुकले असे आपण म्हणणार नाही. आपण म्हणाल, देश चुकला.

मला नम्रपणे एवढेच सुचवावयाचे आहे की, या भागाकारातील छेद आपण जनगणनेच्या वहीतून उचलला आहे, तो मैदानावरून उचलावयास हवा. आठ वर्षांच्या ज्या मुलांना आठवड्यातून चार दिवस चेंडू मिळतो, सपाट जमीन मिळते, शिकवणारा माणूस मिळतो आणि वर्षाकाठी खेळावयास पुरेसे सामने मिळतात, अशी मुले किती आहेत, हा तो छेद. एकशे चाळीस कोटींतील ज्यांनी चेंडूला पाय लावलेला नाही त्यांचा फुटबॉलशी संबंध, माझ्या आणि आपल्या संबंधाप्रमाणेच, केवळ मत देण्यापुरता आहे. आणि मताने कोणी गोल केल्याचे ऐकिवात नाही.

कुरासावचे बहुतेक खेळाडू हॉलंडात जन्मले, हे आपल्यापैकी चाणाक्ष मंडळींच्या ध्यानात आले आणि चर्चेने दुसरे वळण घेतले. फातोर्ड्यास भारताच्या छांगतेने चौदाव्या मिनिटाला दुरून मारलेल्या गोलची वाहवा अजून चालू होती, तोच मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उइ-यंगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल करून प्रकरण निकालात काढले. हा गृहस्थ जन्माने दक्षिण कोरियाचा, नागरिकत्वाने सिंगापूरचा. झाले! परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना आपल्याकडून खेळू द्यावे की न द्यावे, यावर दोन तट पडले. एका तटाने राष्ट्राभिमानाची शपथ घातली, दुसऱ्याने कायद्याची पुस्तके उघडली. जपानात जन्मलेला आणि पुण्याच्या संघातून खेळणारा इझुमी अराता भारतीय नागरिकत्व घेऊन राष्ट्रीय संघात खेळून गेला, त्यास दशकाहून अधिक काळ लोटला. ज्याची माता मुंबईत जन्मली त्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तोच मार्ग नुकताच धरला. म्हणजे दार पूर्वीही उघडेच होते, केवळ उंबरठा उंच होता. पण ही माहिती दिल्यास वाद मिटेल, आणि वाद मिटविण्याइतका मी कृतघ्न नाही.

आता प्रशिक्षक. या पदाविषयी आपला शिरस्ता असा की, ज्याला आणण्यासाठी तगादा लावावा त्यालाच पुढे बडतर्फ करण्याची फिर्याद दाखल करावी. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ असे हरवून आपल्याकडून मानवस्त्रे मिळविणाऱ्या स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांनी बहारीनविरुद्ध भरपाईच्या वेळात पेनल्टीचा गोल खाल्ल्यावर त्याच रात्री राजीनामा दिला. इगोर स्टिमॅच यांची रवानगी जून २०२४ मध्ये झाली. मानोलो मार्केझ यांना एकाच वेळी एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशा दोन सुभ्यांची सनद बहाल करण्यात आली होती; वर्षभरात त्यांनी एक सुभा सोडला, आणि कोणता सोडला हे सांगावयास नकोच. खालिद जमील यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे स्थान मिळविले तेव्हा आपण त्यांना खांद्यावर घेतले होते. ढाक्यानंतर ते खांद्यावरून नेमके कोणत्या क्षणी उतरले, हे त्यांचे त्यांनाच उमगले नसेल.

स्टिमॅच यांच्या कारकिर्दीतील एका प्रकरणाकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही, याचा मात्र विषाद वाटतो. २०२२ च्या पात्रता सामन्यांच्या वेळी संघनिवडीपूर्वी ज्योतिषाचा सल्ला घेतला गेल्याचे वृत्त सप्टेंबर २०२३ मध्ये छापून आले. आपण त्यावर हसलात. वस्तुतः ज्या संघाला कतारच्या स्पर्धेपूर्वी सरावासाठी जेमतेम दोन आठवडे मिळाले, त्याने शुभ मुहूर्ताचा आश्रय घेतला तर त्यात अशास्त्रीय ते काय? दोन आठवड्यांत पंचांगच काय ते पुरते वाचून होते.

हसू आवरून सांगतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तो वर्षातील काही आठवडे. बाकीचा काळ तो क्लबाच्या ताब्यात. क्लबाला येत्या शनिवारी जिंकावयाचे असते, म्हणून तो गोलापुढची मोक्याची जागा परदेशी खेळाडूला देतो आणि आपला तरुण आघाडीवीर बाजूच्या रेषेवर धावतो, नाही तर बाकावर बसतो. मग राष्ट्रीय संघाला गोल करणारा लागला की ३९ वर्षांच्या छेत्रीकडे पाहावे लागते. तो जून २०२४ मध्ये निवृत्त झाला, तर मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावे लागते. कतारातील त्या शून्याचा उगम मला तरी येथे दिसतो. आपल्या खटल्यात या परिस्थितीला आरोपी केलेले मी पाहिलेले नाही, कारण तिला राजीनामा देता येत नाही.

पूर्वजांच्या पुण्याईचा उल्लेख केल्याखेरीज आपली एकही बैठक उठत नाही. १९५० च्या विश्वचषकास अनवाणी खेळता येईना म्हणून आपण गेलो नाही, ही कथा इतकी गोड आहे की, त्या काळच्या महासंघाला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातब्बरी वाटत नव्हती, हे त्या संघातील शैलेन मन्नांनी सांगूनही कोणी ऐकले नाही. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल करून ऑस्ट्रेलियाला ४-२ असे घरी बसविले, हे मात्र अक्षरशः खरे आहे. आणि म्हणूनच आपल्या चर्चेत ते कमी वेळा येते.

याच मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, १ जून २०१८ रोजी छेत्रीने चिनी तैपेईविरुद्ध तीन गोल केले तेव्हा पाहणारे २,५६९ होते. दुसऱ्या दिवशी त्याने चित्रफितीतून विनवणी केली, तिचा आशय असा की, टीका करा, वाटल्यास शिव्याही द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध मैदान भरले. मुसळधार पावसात, पाणी साचलेल्या हिरवळीवर चेंडू मध्येच थांबत होता, लोक भिजत उभे होते, आणि उत्तरार्धात भारताने तीन गोल केले. त्या रात्री वाद घालावयास कोणास उसंत मिळाली नसावी, त्यामुळे आपल्या दफ्तरात तिची नोंद त्रोटक आहे.

शिव्यांच्या बाबतीत छेत्रीने घातलेली अट कोल्हापुरात फार पूर्वीपासून पाळली जाते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांची गाठ पडली म्हणजे पायरीवर बसलेला प्रेक्षक चुकलेल्या पोराचा उद्धार त्याच्या थोरल्या भावाच्या नावासकट करतो आणि ते त्या पोराच्या कानावर जाते. त्याच कोल्हापूरच्या पेठांत विश्वचषकाच्या महिन्यात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात हे मला मान्य आहे, आणि तेथील मंडळी भारतीय संघाविषयी आपल्याइतकी विस्ताराने बोलत नाहीत, हेही.

तरी विनंती अशी की, पुढील स्पर्धेपूर्वी आपली निकालपत्रे छापून तयार ठेवावीत. प्रशिक्षक, महासंघ, क्रिकेट, जनगणना आणि १९५० ही पाच कलमे कायम ठेवून केवळ प्रतिस्पर्ध्याच्या नावाची जागा कोरी सोडावी. मिनिटांची सोडण्याचे कारण नाही, कारण आपला त्यांच्याशी संबंध येत नाही. यामुळे सामन्याच्या वेळी आपल्या हातांना विश्रांती मिळेल, आणि अंधेरी किंवा फातोर्ड्यास पुन्हा सामना झाला तर तिकिटाच्या खिडकीवर उभे राहण्याइतका अवकाशही. मीही तेथेच कोठे तरी असेन. टीकेचा मजकूर जुळून आला नाही, तर आपल्याकडील उसना मागून घेईन.

आपला आज्ञांकित,
पायरीवरील एक प्रेक्षक