चौथी सीट

सकाळी विठ्ठलवाडीच्या फलाटावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक मुंबईकडे तोंड करून उभी, दुसरी मुंबईकडे पाठ करून. जायचं दोघांनाही मुंबईलाच असतं. पण दुसरी मंडळी आधी डाऊन गाडीने बदलापूरला जातात आणि डब्यातून उतरतच नाहीत. तीच गाडी परत निघाली की खिडकीशी बसून, आपल्याच स्टेशनवर लोंबकळणाऱ्यांकडे बघत पुढे जातात.

बदलापूरकर यावरून रोज भांडतो. ‘आमच्याच स्टेशनात आम्हाला जागा नाही म्हणजे काय?’

रास्त प्रश्न आहे. फक्त विचारणाऱ्याने स्वतःचा मुलगा आठवीतच कल्याणच्या ‘फाउंडेशन’ बॅचला घातलेला असतो. चार वर्षं आधी नेऊन बसवला की पुढे जागा नक्की.

गाडीत केली तर घुसखोरी. शिक्षणात केली तर दूरदृष्टी.

‘शिकशील तर मोठा होशील’ हे वाक्य कल्याणच्या पुढे आलं की जरा अडखळतं. विठ्ठलवाडी ते बदलापूर, सीएसएमटीपासून 56 ते 68 किलोमीटर. मिळून चार स्टेशनं आणि मोठं होण्याच्या निदान तीन रीती. तिघीही एकमेकींना नावं ठेवतात.

उल्हासनगरबद्दल मराठी घरात एक ठरलेला शेरा असतो: ‘त्यांना शिकायची गरज काय, धंदा आहे ना!’ शेरा मारणारा बहुधा इतिहासाच्या तासाला दांडी मारणारा असतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये येऊन राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्याच वर्षी सिंधमधल्या हैदराबादचं नॅशनल कॉलेज वांद्र्यात नव्याने उभं राहिलं. ते चालवणाऱ्या मंडळानेच 1965 मध्ये उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज काढलं. घर, दुकान, जमीन सगळं मागे टाकून आलेल्या लोकांनी कॉलेज तेवढं बरोबर आणलं होतं.

आपण गाव सोडतो तेव्हा शाळा तिथेच ठेवतो. पुढे पटसंख्या नाही म्हणून तिला कुलूप लागतं आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर हळहळतो.

म्हणजे उल्हासनगरच्या सेठला पदवीचं वावडं नाही. त्याच्या घरी तिची घाई नाही, एवढंच. सेठच्या मुलाला एटीकेटी लागली तर तो गल्ल्यावर बसतो. दुकानातल्या नोकराच्या मुलाला एटीकेटी लागली तर तोही त्याच दुकानात येतो. फक्त गल्ल्याच्या पलीकडे, उभा.

विषय तोच, पेपर तोच, नापास दोघंही. एकाला खुर्ची मिळाली.

तसं उल्हासनगरात इमारतींनाही एटीकेटी मिळते. बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून घेण्यासाठी सरकारने 2006 मध्ये या शहरापुरता खास अध्यादेश काढला. त्या नापास इमारतींतल्या खोल्यांत बसून पोरं पास व्हायचा अभ्यास करतात. अभ्यासाचा कंटाळा आला की छताकडे बघतात. छत अजून आहे ना, तेही कळतं.

आणि तो जुना विनोद! इथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आपण हसलो. आता त्याच हसणाऱ्याचा मुलगा खऱ्या यूएसएला जाण्यासाठी बँकेच्या दारात उभा आहे. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर गेलात की मॅनेजरसाहेब गुणपत्रिका बाजूला ठेवतात आणि फ्लॅटचे कागद मागतात.

हुशारीची हद्द साडेसात लाख. पुढे चौरस फूट.

अंबरनाथला उतरू. शके 982 मधलं, म्हणजे इसवी सन 1060 चं शिवमंदिर इथे आहे. त्यावर शिलालेख आहे. कोरणाऱ्याची टक्केवारी नाही. नंतर इथे काडेपेटीची विमको आली, धरमसी मोरारजीचा रसायन कारखाना आला, संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आली. या गावाचा एक साधा हिशेब होता. दहावी, आयटीआय, अ‍ॅप्रेंटिस, मग टर्नर नाहीतर फिटर. क्वार्टर, पेन्शन, मुलीचं लग्न, गावाकडे घर. दहावी-आयटीआयवाल्या बापाने दोन मुलांना इंजिनिअर केलं.

चूक तिथेच झाली असं वाटायला लागलंय.

कारण केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून नव्या नोकरदारांची जुनी पेन्शन बंद केली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डही मोडलं आणि त्याच्या सात कंपन्या केल्या. इंजिनिअर मुलगा एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे. अकरा महिन्यांचं पत्र, बारावा महिना देवाचा. बापाचं शिक्षण कमी, पेन्शन पक्की. मुलाचं शिक्षण जास्त, बापाची पेन्शन पक्की.

दोघांचंही त्याच पेन्शनीवर चाललंय.

विमको तर आता रिक्षावाल्याच्या तोंडीच जास्त ऐकू येते. ‘विमको नाका, एक सीट!’

पण तिसऱ्या पिढीचं पोरगं ‘आयटीआय करतो’ म्हणालं की घरात सुतक पडतं. ‘मार्क कमी पडले का रे?’ शेजारच्या काकू हळूच विचारतात. त्याच काकूंचा एसी मे महिन्यात बंद पडला की मेकॅनिकला चार फोन, दोन मिनतवाऱ्या आणि एक लिंबू सरबत. तो म्हणतो, ‘गुरुवारी बघतो.’ काकू म्हणतात, ‘चालेल हं, दादा.’ काकूंच्या इंजिनिअर मुलाला आजवर कोणी दादा म्हटलेलं नाही.

आता शेवटचं स्टेशन. बदलापूर.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि लालबाग-परळचा माणूस हळूहळू रुळाच्या कडेकडेने सरकत इकडे आला. चाळीतली खोली विकून वन बीएचके. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. घर मोठं झालं, आकाश दिसायला लागलं, बारवी धरण जवळ आलं. मुंबईत असताना जे आपसूक मिळायचं ते मात्र पैसे मोजून घ्यावं लागू लागलं. चाळीपासून चालत जाता येतील अशी कॉलेजं, वाचनालय, कुणाच्या तरी ओळखीचा साहेब. त्या बदल्यात ‘इंटरनॅशनल’ शाळा आल्या. बदलापूरच्या पुढे वांगणी लागतं. आंतरराष्ट्रीय ते एवढंच.

आणि क्लास! केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, रँकची हमी देऊ नका. सूचना चांगल्या होत्या. क्लासवाल्यांनी नक्की वाचल्या असतील. सूचनांवर प्रश्न येत नाहीत, म्हणून सोडून दिल्या असतील.

अकरावी-बारावी सायन्सचं कॉलेज तर कागदावरच भरतं. नाव कॉलेजात, मूल क्लासात. हे थांबवायला राज्य सरकारने 2018 मध्ये मुंबईसह काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. आजोबा अंगठेबहाद्दर म्हणून आयुष्यभर खाली मान घालून वावरले. नातू नव्वद टक्केवाला. कॉलेजात जाऊन त्यालाही अंगठाच लावायचा होता.

तीन पिढ्यांत प्रगती म्हणाल तर शाई लागत नाही.

मे महिन्यात निकाल लागतो, पाठोपाठ फ्लेक्स लागतात. 2025 च्या दहावीचा निकाल 94.10 टक्के. शंभर टक्के मिळवणारे 211. काठावरच्या 35 टक्क्यांवर थांबलेले 285. शंभरवाल्यांचे सत्कार झाले, पस्तीसवाल्यांचे व्हिडिओ. मधल्या लाखो मुलांचं काय झालं? ती पास झाली. पास होणं ही आता बातमीच राहिलेली नाही.

फ्लेक्सवर गुणवंताचा फोटो पासपोर्ट साइजचा असतो आणि भाऊंचा नखशिखांत. भाऊ भाषणात सांगतात, ‘शिक्षणाशिवाय पर्याय नाही.’ भाऊंचं शिक्षण त्यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं असतं. मालमत्तेचा तपशीलही त्याच प्रतिज्ञापत्रात असतो. दोन्ही रकाने एकदा शेजारी ठेवून वाचा.

पर्याय सापडेल.

आता हे सगळं शिक्षण कुठे जातं तेही बघा. मंत्रालयाच्या उपाहारगृहात वेटरच्या 13 जागा निघाल्या होत्या. पात्रता चौथी पास. अर्ज सुमारे सात हजार. 2019 च्या सुरुवातीला निवड झालेल्यांची माहिती बाहेर आली, तर तेरातले बारा पदवीधर. 2024 ची पोलीस भरती: 17 हजार 471 जागा, साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज, त्यात इंजिनिअर, एमबीएसुद्धा. ग्राउंडवर सोळाशे मीटर धावताना कोणाची कुठली शाखा ते ओळखू येत नाही. सगळेच धापा टाकतात.

तेव्हा त्या तेरा जागांसाठी आलेल्या चौथी पास उमेदवाराने काय करावं, हे कोणी सांगितलं नाही. पदवीधराला वेटर केलं की वेटर कुठे जातो?

लोकलचं बाकडं तिघांचं असतं. तिघं बसले की चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो आणि कडेला एक मांडी टेकवतो. हीच ती चौथी सीट. अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत, एक पाय वाटेत रोवलेला. घरी फोन केला तर ‘हो, बसायला मिळालं’ असं सांगता येतं.

आमच्या पट्ट्यातल्या पदव्यांचं साधारण असंच आहे. खोटं नाही. बसलोय.

कोणी म्हणेल, गुणवत्ता असेल तर पूर्ण सीट मिळते. गुणवत्तेच्या राज्याला इंग्रजीत जो शब्द आहे, ‘मेरिटॉक्रसी’, तो मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1958 मध्ये आपल्या पुस्तकातून रूढ केला, आणि तोही टिंगल म्हणून. गुणवंतच राज्य करतील आणि बाकीच्यांना ‘तुम्ही लायकच नाही’ असं शास्त्रशुद्ध ऐकवतील, अशी त्याची भीती होती. जगाने टिंगल बाजूला ठेवली आणि शब्द गंभीरपणे घेतला. म्हातारपणी, 2001 मध्ये, त्याला वर्तमानपत्रात लिहून तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअरना सांगावं लागलं की बाबांनो, तो शब्द वापरू नका.

आम्हाला ब्रिटनला जायचीही गरज नव्हती. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर, असं त्यांनी सुनावलं. प्राथमिक शिक्षण आधी द्या, सक्तीचं करा. तो सक्तीचा हक्क देणारा कायदा आला 2009 मध्ये. एकशे सत्तावीस वर्षं.

मध्य रेल्वे यापेक्षा वेळेवर असते.

त्या कायद्यात एक कलम आहे. खासगी शाळांनीही प्रवेशाच्या वर्गातल्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरातल्या मुलांना द्याव्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा देण्याचं बंधन नाही. आमच्याकडे एक किलोमीटरच्या आत काय नसतं? जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पहिलीतल्या पोराला बाकावर सरकून जागा द्यायची की नाही, हे ठरवायला न्यायमूर्ती लागले.

‘जरा सरका’ म्हणायला वकील लागतो, तर फी कोण भरणार?

ऑगस्ट 2022 मधली गोष्ट बदलापूरकर विसरलेला नसेल. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडली. दारं आपोआप बंद होणारी, गार, चकचकीत. तिकीट मात्र अनेकांच्या खिशाबाहेरचं. लोक फलाटावर उतरले, घोषणा झाल्या, रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या आणि साध्या गाड्या परत आल्या. तेव्हा कोणी असं म्हणालं नाही की एसीत बसायची तुमची लायकी वाढवा, जास्त अभ्यास करा. सगळ्यांना कळत होतं, प्रश्न गाड्यांचा आहे.

शाळेच्या बाबतीत मात्र आपण गाडीकडे बघतच नाही. पोराच्या पाठीत धपाटा घालतो आणि क्लास बदलतो.

परवा डब्यात एक काका मला मुलाचं सांगत होते. बीई, मग एमबीए, मग आणखी कसला तरी कोर्स. ‘पुढे काय?’ विचारलं. म्हणाले, ‘बघू, अजून एक करतोय.’ बोलता बोलता ते तीन वेळा सावरून बसले. चौथ्या सीटवर होते.

मी खिडकीत होतो. कसा, ते विचारू नका. विठ्ठलवाडीहून डाऊनने गेलो होतो.

अंबरनाथ आलं. गर्दी चढतेय. सरका जरा.